नाकातलं भोक आणि सलग सहा महिने

माझ्या नाकाच्या मधल्या पडद्याला भोक आहे. चमकीचं नव्हे, आतलं. करंगळीचं टोक सहज जाईल एवढं. बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे सांगितलं तरी लोकांना पटत नाही.

हे लिहायला कारण झाली आमच्या गल्लीतली नवी सून. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगच्या कंपनीत लागून तिला वर्षही झालं नव्हतं. एका दुपारी ती रुमाल घेऊन माझ्या दारात उभी राहिली. रुमालावर रक्ताचे ठिपके. "काकू, तुम्हालाही असंच सुरू झालं होतं का?" मी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि सांगायला लागले. पण तासभर माझ्या तोंडून नुसत्या शिव्याच पडल्या. कोणाला आणि कशासाठी, तिला काही कळेना. बिचारी जास्तच घाबरली. म्हणून आता पहिल्यापासून, क्रमाने लिहिते. शिव्या जमतील तेवढ्या गाळते.

टाकीजवळ

माझं माहेर घोटीच्या पलीकडचं, भातशेतीचं गाव. लग्न होऊन नाशिकला सिडकोत आले तेव्हा दहावी पास होते आणि त्याचा मला अभिमान होता. ह्यांचं पवननगरला शिलाईचं दुकान. मुलगी पूनम शाळेत जायला लागली तसं मी काम शोधलं. नव्वद सालानंतरचा तो काळ, अंबडला रोज नवीन शेड उभी राहायची. मला प्लेटिंगच्या कंपनीत काम मिळालं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पाटी आतापर्यंत तीनदा बदलली आहे, लिहून उपयोगही नाही.

मोटारसायकलचे हँडल, आरशांच्या दांड्या, असले लोखंडी भाग चकचकीत मुलामा चढवायला आमच्याकडे यायचे. ते धुवायचे, तारेच्या आकड्यांना अडकवायचे, मग पुरुष ते एकामागून एक टाक्यांत बुडवायचे. शेवटची टाकी क्रोमची. तिच्यातलं पाणी लालसर पिवळं, गरम, आणि वीज सोडली की त्यावर बारीक बुडबुडे फुटून पिवळं धुकं उठायचं. भाग अडकवायचं आणि काढायचं काम आम्हा बायकांकडे. आमची कामाची फळी त्या टाकीपासून चार पावलांवर. धुकं ओढून घ्यायला भिंतीत पंखा होता. तो विजेचं बिल वाढवतो म्हणून बंद असायचा.

पहिल्या महिन्यात नखं पिवळी झाली. साडीच्या काठाला बारीक भोकं पडायला लागली. मग हातांवर खड्डे. लहान, गोल, कडा वर आलेल्या, आणि दुखायचे नाहीत. बायका त्यात हळद भरायच्या. आमचे सुपरवायझर सावळे रोज दुपारी गूळ वाटायला सांगायचे. "गूळ खा, धूर पोटात जातो आणि निघून जातो." धूर नाकात जात होता, पोटात नाही. एवढं मला दहावीपर्यंतच्या शास्त्रात शिकवलं होतं, तरी मी तो गूळ खाल्ला. सात वर्षं खाल्ला.

सरकारी साहेब तपासणीला येणार असले की आधीच फोन यायचा. पंखा सुरू व्हायचा आणि आम्हाला वर गच्चीवर पाठवायचे. कारण कागदावर आम्ही त्या खात्यात नव्हतोच. उन्हात, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला आम्ही अकरा बायका उकिडव्या बसायचो. खाली साहेबांना समोसे जायचे. एकदा एकीला खोकला आला तर सावळेंनी जिन्यातून डोकं वर काढून बोटाने गप्प केलं. कोंबड्यांना हाकलावं तसं. ते बोट मला अजून आठवतं आणि अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आणखी एक कागदाची गोष्ट इथेच सांगते, कारण पुढे सगळं तिच्यावर अडलं. दर पाच महिन्यांनी आम्हाला 'ब्रेक' मिळायचा. म्हणजे कागदावर. आम्ही रोज कामावर जायचो, पण त्या आठवड्यात आमची नावं हजेरीतून जायची आणि मग नव्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा चढायची. एक ठेकेदार सावळेंचा मेहुणा, दुसरी त्यांची बायको. त्या बाईला आम्ही कधी पाहिलंही नाही. माझं कामगार विम्याचं कार्ड होतं, पण पगारातून कापलेला विमा असा तुकड्यातुकड्यांनी भरला जायचा. माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या शकूचं तर कार्डच नव्हतं. शकू माझ्याच भागातली, नवऱ्याने टाकलेली, चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर मात्र मोत्यासारखं.

शिट्टी

आधी शिंका. मग सर्दी, ती जाईना. मग सकाळी नाक शिंकरलं की रक्त, आणि वाळलेल्या मोठमोठ्या खपल्या. विम्याच्या दवाखान्यात मी दोन वर्षं गेले असेन. तिथले डॉक्टर मान वर न करता पिवळ्या गोळ्या लिहून द्यायचे. मी काय काम करते, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सर्दीचा आणि कामाचा काय संबंध, असं मलाच वाटायचं.

एकदा संध्याकाळी पूनम अभ्यास करत होती. ती हसायला लागली. "आई, तू शिट्टी वाजवतेस." मी म्हटलं, "काहीतरीच काय." तर तिने कान माझ्या नाकाशी आणला. खरंच, श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती. त्या दिवशी आम्ही दोघी खूप हसलो. मी मुद्दाम वाजवून दाखवली. पडद्याला पहिलं भोक पडलं होतं आणि आम्ही मायलेकी त्यावर खेळत होतो.

पुढे भोक मोठं झालं तशी शिट्टी गेली आणि घाण सुरू झाली. आत खपल्या सडायच्या. लिहायला लाज वाटते, पण ज्यांना हे होतंय त्यांना कळावं म्हणून लिहिते. माझ्या श्वासाला मेलेल्या उंदरासारखा वास यायचा. आणि मला स्वतःला तो येत नव्हता. मला कसलाच वास येत नव्हता. हे हळूहळू तोंड फिरवून झोपायला लागले, मग दमट हवेचं निमित्त करून पुढच्या खोलीत गादी टाकायला लागले. एका साखरपुड्यात माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या. मला वाटलं, पंखा नाही म्हणून उठल्या असतील.

शेवटी पूनमनेच सांगितलं. तेरा वर्षांची पोर, रडत रडत. "आई, तुझ्या नाकाला वास येतो. पप्पा सांगत नाहीत, पण येतो." मी मोरीत जाऊन नाक धुवत बसले. पाणी थांबवलंच नाही. माणसाला दुसऱ्याची किळस येते ती सहन होते. स्वतःची येते तेव्हा पळून जायला जागा नसते.

उजेड

सिंहस्थाचं वर्ष होतं. शहरभर रस्ते खणलेले, भिंती रंगवणं चाललेलं. पावसाळ्यात मला श्वास पुरेना. दोन पायऱ्या चढले की छातीतून आवाज. दवाखान्यातून मला मोठ्या रुग्णालयात पाठवलं आणि तिथे नाक-कान-घशाच्या विभागात एका तरुण डॉक्टर मॅडमनी तपासलं. त्यांनी बारीक बॅटरी उजव्या नाकपुडीत धरली आणि डावीतून पाहिलं. मग थांबल्या. पुन्हा पाहिलं. मग मला विचारलं,

"काम काय करता तुम्ही?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा. मी म्हटलं, "प्लेटिंगला."

"क्रोमच्या टाकीजवळ?"

"हो. चार पावलांवर."

"हात दाखवा."

मी हात पुढे केले. भरून आलेल्या खड्ड्यांचे पांढरे डाग त्यांनी एकेक मोजले. मग एक आरसा आणून माझ्यासमोर धरला आणि उजवीकडून बॅटरी लावली. डाव्या नाकपुडीतून लाल उजेड बाहेर पडला. माझ्या नाकातून आरपार. पत्र्याच्या भोकातून दिवा दिसावा तसा.

"पडद्याला भोक आहे. क्रोमने पडलंय. छातीचंही त्यानेच असणार."

"औषधाने भरून येईल?"

"पडदा परत येत नाही. साफ ठेवायचं, मलम लावायचं, आणि त्या टाकीजवळ पुन्हा जायचं नाही. श्वासासाठी आजच दाखल व्हा."

मी विचारलं, "कॅन्सर आहे का?" त्या म्हणाल्या, आता तसं दिसत नाही, पण दर वर्षी तपासायला या. त्यांचा तो 'आता' हा शब्द मी पुढे रोज चघळला.

मला वॉर्डात पाठवताना त्यांनी केसपेपरवर मोठ्या अक्षरांत कामाचं स्वरूप लिहिलं आणि कामातून झालेला आजार अशी नोंद केली. ती एक ओळ नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. म्हणून सांगते, डॉक्टरने विचारो न विचारो, आपण काम काय करतो ते आधी सांगायचं.

नऊ दिवस

रुग्णालयात नऊ दिवस होते. सकाळी सलाइनचा खांब ढकलत कोणीतरी यायचं, मग चहा, मग वाफ, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागे शिकणारी मुलं. ती मुलं रांगेने माझ्या नाकात उजेड टाकून बघायची. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "क्लासिक आहे." इंग्रजी कळत नसलं तरी चेहऱ्यावरचा आनंद कळतो. मी नाक वर करून बसायचे आणि छतावरचे ओलीचे डाग बघायचे.

पण वॉर्डात राधाबाई नावाची आया होती. तिने पहिल्याच दिवशी मिठाचं कोमट पाणी आणलं, ओंजळीतून नाकात कसं ओढायचं आणि तोंडातून कसं सोडायचं ते शिकवलं. निघालेल्या खपल्या तिने हाताने उचलून फेकल्या. तोंड वाकडं केलं नाही, नाकाला पदर लावला नाही. मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला घाण नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटते ना. पण तुला वाटते त्यापेक्षा कमी." त्या नऊ दिवसांत माझ्याशी खरं बोलणारं तेवढंच एक माणूस भेटलं.

शकू एकदा भेटायला आली. मी तिला मॅडमकडे पाठवलं. परत आली ती माझ्या पलंगाच्या कडेला टेकली. "माझ्याबी हाय. तुझ्यापरीस बारीक हाय, पण हाय." मग म्हणाली, "म्हंजी मला आता दुसरीकडं कुठं कामबी नाय मिळायचं."

सही

घरी आल्यावर चौथ्या दिवशी सावळे आले. सोबत सफरचंदं आणि हातात एक फाइल. पलंगावर न बसता खुर्ची ओढून दाराशी बसले.

"वहिनी, मालकांना फार वाईट वाटलं. पण तुम्ही रुग्णालयात काहीतरी लिहून दिलंय म्हणे."

"मी काही दिलं नाही. डॉक्टरने लिहिलं."

"तेच. डॉक्टर लोकांना काय माहीत. नाकाचा त्रास तर अनेकांना लहानपणापासून असतो." त्यांनी कागद काढला. टाइप केलेला. मला लहानपणापासून नाकाचा विकार आहे, मी प्लेटिंग खात्यात कधी काम केलं नाही, प्रकृतीमुळे खुशीने काम सोडते आहे. "साधी सही आहे."

मग ते ह्यांच्याकडे वळले. "भाऊ, कंपनीला सगळ्यांसाठी नवीन गणवेश शिवायचेत. मालक म्हणाले, बाहेर कशाला द्यायचे, घरचा माणूस आहे."

ह्यांच्या दुकानात तेव्हा तयार कपड्यांमुळे दिवसाला एखादी पँट उसवायला यायची. हे कागदाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "कर सही. नाहीतरी तिथं परत जायचं नाहीच आहे. कटकट संपेल."

मी सही केली. कोणी हात धरला नव्हता. मला दहावी पास असल्याचा अभिमान होता, कागद मी पूर्ण वाचला होता, आणि त्यातली ओळन् ओळ खोटी आहे हे कळून मी सही केली. सावळे गेल्यावर ती सफरचंदं मी कचऱ्यात टाकली. सही टाकता आली नाही.

सलग सहा महिने

पुढच्या महिन्यात विमा कार्यालयाचं पत्र आलं. डॉक्टर मॅडमनी नियमाप्रमाणे वर कळवलं होतं. मी गेले. खिडकीतल्या कारकुनाने फाइल उलटीसुलटी केली.

"बाई, हा आजार यादीत आहे. पण ह्या आजाराला सलग सहा महिने त्या कामावर असावं लागतं. तुमचे सहा कुठेच नाहीत. पाच, मग खंड. पाच, मग खंड."

"मी सात वर्षं रोज गेले."

"इथे तसं नाही ना."

"मग माझ्या नाकाला भोक कसं पडलं? पाच महिन्यांचं पडायचं आणि ब्रेकमध्ये बुजायचं का?"

तो हसला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, पुरावा आणा, निरीक्षक साहेब चौकशी करतील.

बाहेर येऊन कट्ट्यावर बसले तेव्हा कळलं की तो 'ब्रेक' कशासाठी होता. कायम करावं लागू नये म्हणून असतो, एवढंच आम्हाला वाटायचं. आमच्या शरीराचं काही बिघडलं तर ते कोणाच्याच नावावर लागू नये, हीसुद्धा त्यातलीच सोय होती. मला तिथेच उलटी झाली. रस्त्यावर, सिंहस्थासाठी नव्याने रंगवलेल्या भिंतीशी.

पुरावा शकूच्या घरात निघाला. मालकांना संशय होता की सावळे गूळ घरी नेतात. म्हणून गुळाची वही असायची. शकू रोज तारीख आणि नावं लिहायची, आणि गूळ घेतला की प्रत्येकीने समोर सही करायची. हजेरी खोटी, पण गुळाची वही खरी! ब्रेकच्या आठवड्यांतही आम्ही गूळ खाल्लेला. भरलेल्या वह्या शकू चूल पेटवायला घरी न्यायची. बाकीच्या जळाल्या होत्या. एक उरली होती, दिवाळीपासून गणपतीपर्यंतची. आम्ही दोघींनी जमिनीवर बसून पान पान पाहिलं. रविवार सोडला तर माझी एकही सही चुकली नव्हती.

"ने," शकू म्हणाली. "पन माझं नाव नको घेऊ. माझं काम जाईल."

मी शब्द दिला.

घरी ह्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. दुसऱ्या दिवशी दुकानातून गणवेशाच्या कापडाचे तागे उचलले, अर्धे कापलेले तुकडेही बांधले आणि सायकलवर लादून अंबडला कंपनीच्या फाटकात टाकून आले. मला फक्त एवढंच म्हणाले, "परत देऊन आलो." त्यांच्यावरचा राग तेवढ्याने गेला नाही. पण त्या दिवसापासून सकाळी मिठाचं पाणी तेच कोमट करायला लागले.

अक्षर

चौकशी कंपनीतच झाली. विम्याचे निरीक्षक वयस्कर, चष्म्याला दोरी बांधलेले. त्यांच्यासमोर मी, सावळे आणि कंपनीचा वकील. वकिलाने माझी सही असलेला कागद पुढे केला.

"सही तुमची?" निरीक्षकांनी विचारलं.

"माझीच. मजकूर खोटा आहे. मी वाचून सही केली."

"का केली?"

"नवऱ्याला काम मिळणार होतं म्हणून."

सावळे खाली बघून हसले. निरीक्षक हसले नाहीत. म्हणाले, "असं लिहून दिल्याने कामगाराचा हक्क जात नाही." मग वही उघडली. वकील म्हणाला, ही कोणाचीही वही असू शकते, कुठेही बसून लिहिता येते. "कोणी लिहिली? नाव सांगा."

मी शब्द दिला होता. निरीक्षकांनी दोनदा विचारलं. मी मान खाली घातली. सावळे म्हणाले, "बघा साहेब. सगळा बनाव."

निरीक्षकांनी खात्यातल्या बायकांना आत बोलवायला सांगितलं. साहेब दिलेल्या वेळेच्या तासभर आधीच येऊन थेट खात्यात शिरले होते, गच्चीवर पाठवायला वेळच मिळाला नव्हता. आठ जणी ओल्या हातांनी रांगेत उभ्या राहिल्या. निरीक्षकांनी वही उंच धरली. "हे अक्षर कोणाचं?"

मी शकूकडे पाहायचंही टाळलं. मग तिचा आवाज आला.

"माझं हाय."

सावळे उठलेच. "शकू, विचार करून बोल."

"क्येला इचार. अक्षर माझं हाय. गूळ मी वाटते. ही रोज येती. मी बी येते, नऊ वर्सं झाली, माझं तर नावच नाय कुठं. आन् साहेब, माझ्याबी नाकाला भोक हाय. बघायचंय?"

निरीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि लिहायला लागले. शकूला दुसऱ्या दिवशी फाटकातून परत पाठवलं.

टक्के

माझा आजार कामातूनच झाला हे मान्य झालं. मग मेडिकल बोर्ड. तीन डॉक्टर, एक टेबल. पुन्हा उजेड, पुन्हा आरपार. मधल्याने विचारलं,

"चालता येतं? ऐकू येतं? हात दोन्ही चालतात?"

"येतं. पण वास येत नाही. दूध करपलेलं कळत नाही. एकदा गॅस उघडा राहिला तर पोरीने येऊन बंद केला. दम लागतो. माझ्याजवळ माणसं बसत नाहीत."

"त्याला इथे रकाना नाही," ते म्हणाले. कमाईची ताकद किती गेली तेवढंच त्यांना ठरवायचं होतं. बोटाला टक्के असतात, पेराला असतात. माणूस कापून वजनावर लावल्यासारखं मला झालं. जे टक्के आले ते ऐकून ह्यांनी कपाळाला हात लावला. त्याचे पैसे दर महिन्याला येतात, मरेपर्यंत येतील. मी घेते. माझे आहेत.

शकूला मात्र कारकुनाने सांगितलं, कार्ड नसलं तरी चालतं, कामावर होती हे सिद्ध झालं की विमा लागतोच. पण तिने स्वतःच लिहिलेली वही तिच्यासाठी पुरावा म्हणून कोण धरणार? उरलेल्या बायका घाबरलेल्या. कंपनीतल्या कोणीतरी लेखी द्यायला हवं होतं. ती गावाला निघून गेली. भातलावणीला वाकली की धाप लागते, असा निरोप आला.

दारात

वर्षभराने एका रविवारी सकाळी सावळे पुन्हा दारात. या वेळी फाइल नव्हती. रुमाल होता.

"वहिनी, त्या डॉक्टर कोणत्या? नाकाच्या?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आम्ही चार पावलांवर उभ्या असायचो, पण हा माणूस दिवसभर टाकीच्या काठाने फिरायचा. गुळासकट.

"शिट्टी वाजते का?" मी विचारलं.

"वाजायची. आता नाही वाजत."

मी त्यांना आत घेतलं नाही. त्यांच्या तोंडावर दार लावावं असं फार वाटलं. मग आतून वही-पेन आणलं आणि उंबऱ्यावर ठेवलं.

"आधी लिहून द्या. शकू नऊ वर्षं क्रोमच्या खात्यात होती, सलग. तुमची सही, तुमचा हुद्दा."

"वहिनी, माझी नोकरी जाईल."

"तिची गेली."

त्यांनी एकदा रुमाल नाकाला लावला. मग पायरीवर बसले आणि मांडीवर वही घेतली. दोन शब्द लिहून मान वर केली.

"तिचं पूर्ण नाव काय?"

नऊ वर्षं ज्या बाईकडून गूळ घेतला तिचं पूर्ण नाव सावळेंना माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी लिहिलं. सही केली. मी दोनदा वाचलं, मग डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते सांगितलं.

त्या कागदावर शकूचं काम झालं. वेळ लागला, हेलपाटे झाले, पण झालं. आता तीही दर महिन्याला विम्याचे पैसे घ्यायला घोटीहून येते, माझ्याकडे जेवते आणि जाते. पूनम तिला स्टँडवर सोडते.

सावळेंना मात्र काही मिळालं नाही. सुपरवायझर म्हणून त्यांचा पगार विम्याच्या मर्यादेच्या वर होता, ते कधी विम्यात नव्हतेच. दुसऱ्या कायद्याखाली मालकावर दावा करावा लागेल, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. आता ते त्याच मालकाविरुद्ध कागद गोळा करत फिरतात. हे ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? चांगलं दिवसभर बरं वाटलं. संध्याकाळी नाक धुताना त्या बरं वाटण्याचीही किळस आली. पण थोडीच.